जागरूकता समाधानकारक

माझं नाव छापून आलेला पहिला शोधनिबंध खोटा आहे. तो आजही इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो. लेखकांत पहिलं नाव माझ्या गाईडचं आहे, दुसरं माझं आणि तिसरं आमच्या प्राचार्यांचं. प्राचार्यांनी तो वाचलेला नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण सत्काराच्या दिवशी त्यांनी माईकवरून त्याचा विषय सेंद्रिय शेती असा सांगितला होता.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात वाणिज्य शिकवते. पीएचडीसाठी मी विषय घेतला होता कीटकनाशकांच्या बाटल्यांवरचे इशारे. सरकार ठरवतं की बाटलीवर काय छापायचं, कंपनी ते छापते, आणि मग ती बाटली मेडशीच्या एखाद्या दुकानात फळीवर येऊन बसते. तिथून पुढे त्या छापलेल्या इशाऱ्याचं काय होतं, हे मला बघायचं होतं. विषय मार्केटिंगचाही होता आणि सरकारी धोरणाचाही, म्हणून माझे गाईड, आमच्याच कॉलेजातले सर, खूश झाले.

सरांच्या तोंडी एका परदेशी नियतकालिकाचं नाव सतत असे. मार्केटिंग आणि सार्वजनिक धोरण या विषयाला वाहिलेलं, मोठ्या मानाचं. लोक कुलदैवताचं नाव घेतात तसं ते त्याचं नाव घ्यायचे. त्यातला कुठला लेख आधी वाचू, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, अशा जर्नलचा दर्जा वाचून कळत नसतो. तो माहीत असावा लागतो." त्यांनी त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी मात्र वहीत ते वाक्य उतरवून घेतलं.

मेडशीला बसस्टँडपासून थोडं पुढे एक कृषी केंद्र आहे. ते चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही चाचाच म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मले काही इचारू नका म्याडम. इथं बसा अन् पाहा."

मी बसले. श्रावणातले दिवस होते, सोयाबीनवर अळी पडली होती, दुकानात गर्दी होती. थोड्या वेळानं एक शेतकरी आला. त्यानं फळीवरच्या बाटल्यांकडे बोट केलं.

"चाचा, लाल तिकोनवालं द्या. मांगच्या बारीले हिरवं देलं होतं. अळी हासून राह्यली वावरात."

तो गेल्यावर चाचांनी एक बाटली माझ्यासमोर ठेवली. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. विष किती जहाल आहे ते माणसाला कळावं म्हणून सरकारनं ते रंग ठरवले आहेत.

"सरकारनं लाल लावलं डर वाटावं म्हणून," चाचा म्हणाले. "अन् हे लोक लाल पाहूनच घेतात. लाल म्हंजे तेज. अन् हिरवं कसं, तर बिस्किटच्या पुड्यावर हिरवा ठिपका राह्यते ना, तसं समजतात. खाल्लं तरी चालते."

आमच्याकडे या विषाला औषध म्हणतात. हे मी जन्मापासून ऐकत होते, पण त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. धोक्याची खूणच मालाची जाहिरात झाली होती, आणि ते शोधून काढायला चाचांना कुठल्या विद्यापीठाची गरज लागली नव्हती.

चाचांनी त्यावर स्वतःपुरता उपाय केला होता. त्यांनी हातानं एक चिठ्ठी लिहिली होती, तिच्या झेरॉक्स काढल्या होत्या, आणि लाल त्रिकोणाच्या प्रत्येक बाटलीवर ते ती खळीनं चिकटवत. 'लाल तिकोन म्हणजे माणसाले धोका. अळी मराचा याच्याशी संबंध नाही. हातानं कालवू नका. तोंडाले फडकं बांधा.' अक्षर मोठं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात हेच सगळं असतं, पण पुष्कळ भाषांत आणि इतक्या बारीक अक्षरात की मुंगीलाही चष्मा लागावा.

तिथून मी किन्हीराजा या गावी जाऊ लागले. तिथं एक बाई होती, स्वतःच्या थोड्या शेतात राबणारी आणि दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाणारी. फवारणीच्या दिवशी औषध पाण्यात कालवायचं काम तिचं असे. पंप पुरुषांच्या पाठीवर, कालवणं बायांच्या हातात, अशी वाटणीच होती. कशानं कालवता, असं विचारलं तर तिनं उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, "ह्यानं." चिठ्ठी वाचल्यापासून ती काडीनं कालवू लागली होती. "चाचानं लिवलं ते माह्या पोरीनं वाचून दाखवलं," एवढंच तिनं सांगितलं.

हे सगळं लिहून मी सरांसमोर ठेवलं. त्यांनी दोन पानं उलटली.

"ही किस्सेगिरी झाली मॅडम. आज्जीबाईच्या गोष्टी. जर्नलला डेटा लागतो."

मग त्यांनी स्वतः प्रश्नावली तयार केली, म्हणजे कुठल्याशा दुसऱ्या प्रबंधातून उचलली. त्या प्रबंधाचा विषय वॉशिंग मशीन होता, कारण एका प्रश्नात तो शब्द तसाच राहिला होता. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन होते, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. 'उत्पादनाच्या वेष्टनावरील सुरक्षाविषयक माहिती माझ्या खरेदी-निर्णयावर प्रभाव टाकते.' मी हे विधान किन्हीराजाच्या त्या बाईला वाचून दाखवलं. ती सोयाबीनच्या तासात, म्हणजे ओळीत, निंदण करत होती. तिनं विळा थांबवला.

"सहमत म्हंजे काय व बाई?"

"म्हणजे पटतं का."

"काय पटते?"

मला पुन्हा तेच वाक्य वाचावं लागलं. ती कीव येऊन म्हणाली, "तुले जे पायजे ते लिव. मले हे तास उरकू दे."

अशी साठ-सत्तर माणसं गाठून मी फॉर्म भरून आणले. सरांना चारशे हवे होते. मी म्हटलं, वेळ लागेल. ते म्हणाले, "तुम्ही चिंता करू नका."

आठवड्याभरानं दुपारी मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गावरून चालले होते. दार अर्धं उघडं होतं. आत मुलंमुली बाकांवर बसून आमची प्रश्नावली भरत होती. प्रत्येकापुढे पाच-सहा फॉर्म होते. सर टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते आणि मधूनच सूचना देत होते, "सगळीकडे पूर्णतः सहमत करू नका रे. थोडं मिसळा. नैसर्गिक दिसलं पाहिजे." एका मुलीनं विचारलं, "सर, वय किती लिहू?" सर म्हणाले, "पन्नासच्या आत-बाहेर."

सरांनी मान वर करून मला पाहिलं आणि हसले. मी दार ओढून घेतलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन डबा खाल्ला. त्या माणसाबद्दल मला जेवढी घृणा आहे, त्यातला चांगला मोठा वाटा मी माझ्याकडे ठेवून घेतलेला आहे. घरी आल्यावर मी मनात हिशेब केला की निबंध आला तर माझी बढती एक पायरी जवळ येईल.

त्या चारशे फॉर्मांतून जो निष्कर्ष निघाला तो असा: वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये कीटकनाशकांच्या लेबलविषयीची जागरूकता समाधानकारक आहे. त्रिकोणांबद्दल एक शब्द नव्हता.

मानाच्या परदेशी नियतकालिकाकडे सरांनी तो पाठवला नाही. देवाचं नाव घेणं वेगळं आणि देवासमोर उभं राहणं वेगळं. त्यांनी दुसरंच एक जर्नल निवडलं. त्याच्या नावात मार्केटिंग, सार्वजनिक धोरण, आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय आणि प्रगत एवढे सगळे शब्द होते, आणि मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल होता. सोमवारी पाठवलेला निबंध बुधवारी स्वीकारला गेला. तज्ज्ञांच्या परीक्षणाचा कागद मी मागून घेतला. त्यावर एकच ओळ होती, 'अतिशय मौलिक कार्य.' त्यातही मौलिक शब्द चुकला होता. पैसे मिळाल्याची पोच आणि स्वीकृतीचं पत्र एकाच मेलमध्ये आलं होतं.

कॉलेजात सत्कार झाला. शाल, नारळ, प्राचार्यांचं सेंद्रिय शेतीवरचं भाषण. सर म्हणाले की आपल्या जिल्ह्याचा शेतकरी आज जगाच्या नकाशावर गेला आहे. ज्या मुलांनी फॉर्म भरले होते तीच समोर बसून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या खरिपात एका दुपारी चाचांचा फोन आला.

"म्याडम, तुमी येऊ शकता का मेडशीले?"

"काय झालं चाचा?"

"काही झालं नाही. या."

मी एसटीनं गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. चाचांनी ते आटपलं, स्टूल पुढे केलं, पण चहा मागवला नाही. फळीवरच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर आमचा निबंध उघडलेला होता.

"कंपनीचा मान्स आला होता," ते म्हणाले. "म्हणे, लेबलवर काही चिकटवता येत नाही, नियम आहे. मी म्हणलं, मंग तुमी मोठ्या अक्षरात छापा. तर म्हणे, कायले? शेतकऱ्याले सगळं समजते. तुमच्याच जिल्ह्यातला रिसर्च आहे म्हणे. त्यानं हे पाठवलं. म्या पोरीकून वाचून घेतलं. याच्यात तुमचं नाव हाये."

"हो."

"तुमी इथंच बसून लिवून घेतलं होतं. लाल तिकोनचं. ते कुठं हाये याच्यात?"

"ते त्यांनी घेतलं नाही."

"अन् हे चारशे मान्सं कोन? मेडशीचे हायत, किन्हीराजाचे हायत, असं लिवलं आहे. मी तर इथं चाळीस वर्सांपासून बसतो. तुमी साठ-सत्तर लोकायले भेटल्या ते मले ठाव हाये, बाकीचा एक बी मले नाही भेटला."

मी सांगून टाकलं. ते साठ-सत्तर सोडले तर फॉर्म शेतकऱ्यांनी भरले नाहीत, वर्गात मुलांनी भरले.

"अन् तुमी?"

"मी पाहिलं."

एक गिऱ्हाईक आलं, त्याला चाचांनी तुरीचं बियाणं दाखवलं, पिशवी परत जागेवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी ज्या नजरेनं सरांकडे बघत आले होते, तीच नजर आता माझ्याकडे लागली होती.

"मी चिठ्ठ्या काढून टाकल्या," ते म्हणाले. "तो म्हणे माल बंद करीन. मले वाटलं, चला, शिकले-सवरले लोक म्हणून राह्यले तर आपलंच चुकत असन."

त्या वाक्यानंतर मला तिथं बसवेना. मी विचारलं, मी काय करू. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"लिवून द्या. खरं काय ते. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं की या निबंधातले बहुतेक फॉर्म बनावट आहेत, त्याची एक लेखिका म्हणून मला ते माहीत होतं, आणि लेबल शेतकऱ्याला समजतं असा कुठलाही पुरावा आमच्याकडे नाही. खाली सही केली. चाचांनी कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि मग चहा मागवला.

घरी येऊन मी त्या जर्नलला मेल लिहिला की निबंध मागे घ्यावा, माहिती बनावट आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझ्या संशोधनातल्या योगदानाची दखल घेऊन त्यांनी मला संपादक मंडळावर यायचं निमंत्रण दिलं होतं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच निमंत्रण आलं, या वेळी फीच्या सवलतीसह. त्या मेलपलीकडे माणूस नावाचा कुणी बसलेलाच नव्हता, किंवा बसला असेल तर त्याला वाचता येत नव्हतं.

सरांना मी स्वतः जाऊन हे आणि चाचांना लिहून दिलेल्या कागदाचं सांगितलं. ते आधी हसले, मग उठून दार लावून आले.

"मॅडम, संशोधनात मतभेद असतात."

"हा मतभेद नाही सर. वर्गात बसून भरलेले फॉर्म आहेत."

"कुठे आहेत ते फॉर्म?"

"तुमच्याकडे."

"रद्दीत गेले," सर म्हणाले. "आता तुमचा शब्द आणि माझा शब्द. आणि एका दुकानदाराचा. एक औषधं विकणारा माणूस तुम्हाला संशोधन शिकवणार?"

"त्यांनीच शिकवलं. तुम्ही वॉशिंग मशीनबद्दल विचारायला शिकवलंत."

हे मी बोलले याचा आजही मला आनंद होतो. त्याची किंमत म्हणून सरांनी गाईड बदलण्याच्या माझ्या अर्जावर सही करायला एक वर्ष लावलं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणं लोकांनी सोडलं. एक सहकारी मोठ्या काळजीनं म्हणाले, "कशाला एवढं? कोण वाचतं ते?" हे त्यांचं बरोबरच होतं. ते कुणी वाचत नाही, याच भरवशावर तो सगळा धंदा उभा आहे. फक्त कंपनीच्या एका विक्रेत्यानं ते वाचलं होतं, तेही निष्कर्षापुरतं.

चाचांनी माझा कागद विक्रेत्याला दाखवला. त्यानं नियम पुन्हा सांगितला. चाचा म्हणाले, ठीक आहे, बाटलीले हात नाही लावत. तेव्हापासून चिठ्ठी ते गिऱ्हाईकाच्या पिशवीत टाकतात आणि टाकताना वाचून दाखवतात. माल बंद झाला नाही.

नव्या गाईड अमरावतीच्या आहेत. त्या कमी बोलतात आणि दिलेलं वाचतात. त्यांच्या सांगण्यावरून मी चाचांचं आणि किन्हीराजाच्या बायांचं सगळं नव्यानं लिहून काढलं आणि सरांच्या त्या कुलदैवताकडे, त्या परदेशी नियतकालिकाकडेच पाठवलं. सात महिन्यांनी नकार आला. सोबत तिघांची परीक्षणं होती. एकानं माझं इंग्रजी कच्चं असल्याचं लिहिलं होतं, ते आहेच. दुसऱ्यानं विचारलं होतं की वाशिमच का, या जागेशी आमच्या वाचकाचा काय संबंध. मी ते चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी फळीवरची एक बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरून तिची मागची बाजू निरखली.

"त्याले म्हणा, कंपनीचा पत्ता तिकडचाच हाये. आपलंच नाव वाचून पाय."

तिसऱ्याचं परीक्षण दोन पानांचं होतं. त्या अनोळखी माणसानं, किंवा बाईनं, माझी ओळ न् ओळ वाचली होती. काही ठिकाणी मला चांगलं फटकारलं होतं. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं बाहेरच्या कुणी तरी वाचल्याचा तो पहिला पुरावा होता, आणि नकाराच्या पत्रासोबत आला असूनही मी तो पुनःपुन्हा वाचला. शेवटी एक साधा प्रश्न होता. बाटली रिकामी झाल्यावर ती कुठे जाते, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मी किन्हीराजाला गेले. ती बाई घरीच होती, अंगणात तूर पाखडत होती. मी प्रश्न विचारला तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. स्वच्छ, झाकण घट्ट. लेबल खरवडून काढलेलं. आत तीळ भरलेले होते.

"राखेनं तीनदा धुतली," ती म्हणाली. "वासबी नाही येत. पाय."

तिनं झाकण उघडून बाटली माझ्या नाकापुढे धरली. मी तिला सांगितलं की हे तीळ खाऊ नका, टाकून द्या. तिनं झाकण लावलं, बाटली मांडीवर ठेवली आणि विचारलं, "चाचाच्या त्या चिठ्ठीत हे काहून नाही लिवलं?"

नव्या चिठ्ठीसाठी मी वही काढली. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले.